नीटपासून नोंदणीपर्यंत : आयुर्वेदाचे वैद्य होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

दरवर्षी नीटचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. कुणाला मुलीला बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीला, घालायचे असते. कुणी नोकरी सोडून 'आयुर्वेदाचा सहा महिन्यांचा कोर्स' करण्याच्या विचारात असतो आणि त्यानंतर दवाखाना टाकता येईल का, असे विचारतो. मी स्वतः महाराष्ट्रातूनच बीएएमएस केले, इथेच नोंदणी केली आणि इथेच दवाखाना चालवतो. घरात आधी कुणी वैद्यकीत नव्हते, त्यामुळे यातले बरेचसे विचारत विचारतच शिकलो. ते नव्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना एका जागी मिळावे म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक पक्के करा. भारतात रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार राज्याच्या नोंदवहीत तुमचे नाव चढल्यावरच मिळतो. पदवी त्या नोंदवहीपर्यंत नेते, ती नोंदवही ठेवणाऱ्या राज्याच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक हातात आला की अधिकार लागू होतो. म्हणून कुठेही पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : यातून राज्याच्या परिषदेत वैद्य म्हणून माझी नोंदणी होईल का? उत्तर 'हो' असे सरळ येत नसेल, तर तो मार्ग वैद्य होण्याचा नाही.

1. आधी मार्ग ओळखा

मार्ग एकच आहे : बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचार्य. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप, एकूण साडेपाच वर्षे. या शिक्षणाचे नियमन आज राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोग, म्हणजे एनसीआयएसएम, करतो. 1970 च्या कायद्याखालची जुनी केंद्रीय परिषद, सीसीआयएम, जाऊन 2020 च्या कायद्याने हा आयोग आला आणि जून 2021 पासून त्याचे काम सुरू झाले. अजूनही काही माहितीपत्रकांवर 'सीसीआयएम मान्यताप्राप्त' असे छापलेले असते. नवे प्रवेश घेणाऱ्या संस्थेकडून आयोगाचे चालू वर्षाचे परवानगीपत्र मागा.

आता सापळे. 'आयुर्वेदरत्न' आणि 'वैद्यविशारद' या हिंदी साहित्य संमेलन, प्रयागच्या परीक्षांना मान्यता होती ती 1931 ते 1967 या काळापुरती. त्यानंतरच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलेले आहे. तरी आजही कुणीतरी 'घरबसल्या वैद्य व्हा' म्हणून पैसे घेतो आणि कुणीतरी देतो. ऑनलाइन डिप्लोमा, नाडीपरीक्षेचे शिबिर, शनिवार-रविवारचा पंचकर्म वर्ग यांतून ज्ञान मिळेलही, पण उपचाराचा अधिकार मिळणार नाही.

पंचकर्म सहायकाचे कौशल्य प्रशिक्षण ही वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. स्नेहन (तेल लावणे), स्वेदन (घाम आणणारा शेक) नीट करणारी माणसे प्रत्येक पंचकर्म केंद्राला हवीच असतात. पण ते काम वैद्याच्या देखरेखीखालचे आहे. त्या प्रमाणपत्रावर स्वतःचा दवाखाना उघडला, तर कायद्याने ती बोगस वैद्यकी ठरते.

2. पात्रता आणि नीट

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, मागास प्रवर्गांना 40 टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण झालेली असावीत. त्यानंतर नीट-यूजी. ही परीक्षा एमबीबीएससाठी असते तीच, 720 गुणांची, आणि पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला 50 वे तर मागास प्रवर्गांना 40 वे पर्सेंटाइल लागते. नीट न देता बीएएमएसला प्रवेश करून देतो म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. असा प्रवेश नियमात बसत नाही आणि शेवटी नोंदणी अडते.

3. कागद निकालाच्या आधी जमवा

निकाल ते पहिली फेरी यांत वेळ थोडा असतो आणि तहसील कार्यालयात त्याच दिवसांत सगळ्यांची गर्दी असते. म्हणून बारावीची परीक्षा संपली की लगेच कामाला लागा.

- नीटचे प्रवेशपत्र आणि गुणपत्रक
- दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका
- शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास दाखला
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
- वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र
- आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर
- ईडब्ल्यूएस, दिव्यांग, माजी सैनिकांचे पाल्य असे काही लागू असेल तर त्याचे प्रमाणपत्र
- मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र

सर्वांत जास्त प्रवेश अडतात ते जात वैधतेवर. जातीचा दाखला आहे म्हणून लोक निश्चिंत राहतात. वैधता मात्र पडताळणी समितीकडून मिळते आणि तिथे वेळ लागतो. त्यासाठी अकरावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे जुने कपाटात आहे म्हणून चालत नाही.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि नीटच्या अर्जात नाव अक्षरशः एकसारखे असू द्या. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे आद्याक्षर, आडनावाचे स्पेलिंग वेगळे, अशा फरकाचा त्रास साडेपाच वर्षांनी नोंदणीच्या वेळी पुन्हा होतो. दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

सगळे कागद स्कॅन करून ठेवा आणि साक्षांकित प्रतींचे निदान तीन संच काढा. मूळ कागद एकदा महाविद्यालयात जमा झाले की शिष्यवृत्तीच्या अर्जालाही प्रतीच लागतात.

4. अर्ज दोन ठिकाणी करायचा असतो

राज्याच्या कोट्यातल्या जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेऱ्यांतून भरतो. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या 15 टक्के अखिल भारतीय जागा, राष्ट्रीय संस्था आणि अभिमत विद्यापीठे यांचे समुपदेशन एएसीसीसी ही आयुषची, म्हणजे आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी अशा पद्धतींची, केंद्रीय समिती करते. एमबीबीएसचे केंद्रीय समुपदेशन करणारी एमसीसी वेगळी. एमसीसीकडे नोंदणी केली म्हणजे आयुषचीही झाली, असे समजून मुले तारीख चुकवतात.

सीईटी सेलच्या अर्जात अभ्यासक्रमांचे गट निवडावे लागतात. एमबीबीएस मिळेल या आशेवर आयुषचा गट सोडून दिला, तर नंतर तो जोडता येईलच असे नाही. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी साधारणपणे अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. सीमाभागातल्यांना आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. मुलाची दहावी इंदूर, बडोदा किंवा बेळगावात झाली असेल, तर माहितीपुस्तिकेतले हे पान आधी वाचा.

पसंतीक्रम भरताना, जिथे खरोखर जाल तेवढीच नावे खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहा. आपल्या गुणांना काय मिळेल याचा अंदाज बांधून वरची नावे गाळू नका. वरचे मिळाले नाही तर यंत्रणा आपोआप खालचे पाहते. मिळालेली जागा कायम ठेवायची की पुढच्या फेरीत वर सरकायचे, हे त्या फेरीच्या मुदतीत लेखी कळवावे लागते. वर सरकलात की आधीची जागा जाते, ती परत मागता येत नाही.

खाजगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर असते. त्यावर 'विकास निधी' किंवा 'देणगी' म्हणून रोख मागितली तर ती कॅपिटेशन फी आहे. महाराष्ट्रात ती 1987 च्या कायद्याने बंद आहे. संस्थात्मक कोट्याचे शुल्क जास्त असते, पण त्या जागेसाठीही नीटची गुणवत्ता आणि सीईटी सेलची प्रक्रिया लागतेच. पालकांना सांगायचे ते हे की मधल्या माणसाला दिलेल्या पैशाने गुणवत्ता यादीतला क्रमांक बदलत नाही.

5. महाविद्यालय निवडताना रुग्णालय पाहा

मला विचाराल तर या सगळ्या लेखातली महत्त्वाची पायरी हीच.

महाराष्ट्रात आयुर्वेद शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अहिल्यानगरचे गुणे आयुर्वेद महाविद्यालय 1917 चे, पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय 1933 चे, वरळीचे रा. आ. पोदार 1941 चे. नागपूर, नांदेड, धाराशिव, जळगाव इथे सरकारी महाविद्यालये आहेत. गोव्यात शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र 2022 मध्ये उभे राहिले. सरकारी किंवा जुन्या अनुदानित ठिकाणी जागा मिळत असेल, तर घरापासून लांब असले तरी घ्या.

बहुतेकांना मात्र खाजगी महाविद्यालय मिळते आणि त्यांच्यात फरक प्रचंड आहे. इमारत, बसगाड्या, स्नेहसंमेलनाचे फोटो यांवरून काही कळत नाही. मंगळवार-बुधवारसारख्या साध्या दिवशी, न कळवता, सकाळी दहाच्या सुमारास रुग्णालयात जा. केसपेपरच्या खिडकीपाशी अर्धा तास बसा. रुग्ण येतात का? वॉर्डातल्या खाटांवर माणसे आहेत की नुसत्या चादरी? पंचकर्म विभागात तेलाचा वास येतो का, भांडी वापरातली दिसतात का? बस्ती (औषधी एनिमा) रोज दिली जाते का, क्षारसूत्राचे (भगंदरासारख्या आजारावरच्या औषधी दोऱ्याचे) रुग्ण किती, बाळंतपणे होतात का, हे तिथल्या इंटर्नना विचारा. ती मुले खरे सांगतात.

रुग्णच नसलेल्या महाविद्यालयात ग्रंथ पाठ होतील, गुणही मिळतील. पण ज्वराचा रुग्ण समोर बसल्यावर आमावस्था (न पचलेला दोष अजून शरीरात असणे) आहे की निरामावस्था, लंघन (उपवास) द्यायचे की पेया (पातळ पेज) सुरू करायची, हे हातात येणार नाही. ते ज्येष्ठ वैद्याशेजारी बसून, त्याच रुग्णाला आठवड्याने पुन्हा पाहूनच येते. माझ्या पाहण्यातली कितीतरी हुशार मुले पदवीनंतर आयुर्वेद सोडून देतात. त्यांनी आयुर्वेदाने बरा झालेला रुग्ण पुरेशा वेळा पाहिलेलाच नसतो.

जाताना आणखी एक पाहा : आयोगाची परवानगी त्या वर्षासाठी आणि किती जागांसाठी आहे. परवानगी नाकारली गेली किंवा जागा कमी झाल्या, तर ते आयोगाच्या यादीत दिसते. महाविद्यालय महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिकशी संलग्न किंवा अभिमत विद्यापीठाचे असेल. कोणते, ते प्रवेशाआधी माहीत असू द्या.

6. साडेचार वर्षे : तीन प्रोफ

2022 च्या नियमांनुसार प्रत्येकी 18 महिन्यांचे तीन टप्पे आहेत. बोलताना सगळे त्यांना 'फर्स्ट प्रोफ (प्रोफेशनल), सेकंड प्रोफ' म्हणतात. पहिल्यात संस्कृत आणि आयुर्वेदाचा इतिहास, पदार्थविज्ञान (आयुर्वेदाचे तत्त्वज्ञान), क्रियाशारीर (शरीराचे कार्य), रचनाशारीर (शरीराची रचना) आणि संहिता (मूळ ग्रंथ). दुसऱ्यात द्रव्यगुण (औषधी द्रव्यांचे गुण), रसशास्त्र-भैषज्यकल्पना (औषधनिर्मिती), रोगनिदान, अगदतंत्र (विषचिकित्सा), स्वस्थवृत्त (आरोग्यरक्षण). तिसऱ्यात कायचिकित्सा (औषधोपचार), पंचकर्म, शल्य (शस्त्रक्रिया), शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा), प्रसूती-स्त्रीरोग, बालरोग. संहिता तिन्ही टप्प्यांत चालू राहते.

थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत 75 टक्के हजेरी आणि 50 टक्के गुण लागतात. पहिल्या प्रोफचा विषय राहिला, तर तो सुटल्याशिवाय दुसऱ्याच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणून रचनाशारीर आणि क्रियाशारीर हलके घेऊ नका. बारावीचे जीवशास्त्र पुरेल असे वाटते आणि तिथेच मुले अडकतात.

संस्कृतची भीती घेऊन येणाऱ्यांना एवढेच सांगेन की पहिल्या सहा महिन्यांत विभक्ती, संधी आणि समास यांवर रोज तासभर द्या. भाषेत पारंगत व्हायची गरज नसते, श्लोकाचा अन्वय लावता आला पाहिजे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानापासून पाठांतर सुरू करा, रोज थोडेच पण मोठ्याने. दिनचर्या, ऋतुचर्या, दोषादिविज्ञानीय हे अध्याय पाठ असतील तर पुढे कायचिकित्सेत त्यांचा उपयोग रोज होतो. आयत्या नोट्सच्या झेरॉक्सवर परीक्षा निघते, पण मूळ वचन न वाचलेल्या मुलाला व्हायवात दुसरा प्रश्न पेलत नाही.

वनस्पती ओळखायला सुट्टीत गावी जा. अडुळसा, निर्गुंडी, गुळवेल, पुनर्नवा, एरंड बांधावर आणि कुंपणाला सापडतात. हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, विकत मिळते. घेऊ नका.

7. इंटर्नशिप

शेवटची परीक्षा पास झाल्यावर आधी राज्य परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप. हा क्रम उलटा करू नका. वर्षातला काही काळ महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि काही काळ प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जातो. ग्रामीण पोस्टिंग टाळू नका. सर्पदंश, बाळंतपण, लहान मुलाची अतिसाराने आलेली शुष्कता, यांतला कुठला रुग्ण आपण ठेवायचा आणि कुठला तात्काळ पुढे पाठवायचा, हे तिथेच समजते.

लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या. वर्षाअखेरीस बदलून गेलेल्या डॉक्टरांना शोधत फिरावे लागते. विद्यावेतन किती आणि केव्हा, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्या. 'सही घरबसल्या मिळेल, तोवर दुसरीकडे नोकरी कर' असा सल्ला देणारे भेटतील. तो नियमाचा भंग तर आहेच, शिवाय मार्गदर्शनाखाली रुग्ण पाहण्याचे हे एकच वर्ष तुम्हाला मिळते.

2020 च्या कायद्यात परवान्यासाठी राष्ट्रीय निर्गम परीक्षेची, म्हणजे नेक्स्टची, तरतूद आहे आणि 2021-22 च्या तुकडीपासून ती लागू करण्याचे आयुष मंत्रालयाने जाहीर केले होते. तुमच्या तुकडीला काय लागू आहे, ते आयोगाच्या अधिकृत सूचनेवरच पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे परिपत्रक कुणाचेही असू शकते.

8. कायम नोंदणी

महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, मुंबई यांच्याकडे, महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 खाली होते. सगळ्या प्रोफच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, तात्पुरत्या नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, आधार आणि फोटो तयार ठेवा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रही लागते. अर्ज स्वतः भरा. एजंटाची गरज नसते.

क्रमांक हाती येईपर्यंत स्वतःच्या नावाने चिठ्ठी लिहू नका. आला की तो पाटीवर, लेटरहेडवर आणि शिक्क्यावर घाला. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे गुणांक लागतात, त्यामुळे परिषदांची, कार्यशाळांची प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा. दुसऱ्या राज्यात व्यवसाय करायचा तर इथले ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथल्या परिषदेत नोंद करावी लागते.

9. पुढचे शिक्षण

एमडी किंवा एमएस (आयुर्वेद) तीन वर्षांचे असते आणि प्रवेश एआयएपीजीईटी या परीक्षेतून होतो. शल्य, शालाक्य, प्रसूती-स्त्रीरोग घेतले तर एमएस, बाकीच्यांत एमडी. जामनगरची आयटीआरए (आयुर्वेद अध्यापन व संशोधन संस्था), जयपूरची राष्ट्रीय आयुर्वेद संस्था, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था यांचा विचार जरूर करा. नोव्हेंबर 2020 च्या अधिसूचनेने 58 शस्त्रकर्मांची यादी दिली, ती शल्य आणि शालाक्याच्या पदव्युत्तरांसाठी आहे. नुसत्या बीएएमएसवर ती करता येतात असा गैरसमज पसरलेला आहे.

एमडीला जागा मिळाली नाही तरी निराश होऊ नका. दिल्लीच्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाचा गुरुशिष्य परंपरेतला एक वर्षाचा सीआरएव्ही अभ्यासक्रम आहे. त्यात अनुभवी वैद्याच्या दवाखान्यातच शिकायचे असते. चिकित्सा करायची असणाऱ्यांना मी तो मनापासून सुचवतो.

10. दवाखाना टाकण्यापूर्वी

- रुग्ण दाखल करून ठेवणार असाल, तर 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते.
- रक्तमोक्षणाच्या (दूषित रक्त काढण्याच्या) सुया, वापरलेल्या जळवा, बस्तीची रबरी नळी हा जैववैद्यकीय कचरा आहे. 2016 च्या नियमांनुसार खाटा नसलेल्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या केंद्राशी करार हवा.
- स्वतःच्या रुग्णापुरते औषध बनवून देण्याची वैद्याला मुभा आहे. तेच बाटलीत भरून दुकानांना विकायचे तर अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए) उत्पादन परवाना घ्यावा लागतो.
- मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा 'कायमचा बरा' किंवा 'उंची वाढवा' अशा औषधाच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. समाजमाध्यमांवरची पोस्टही जाहिरातच.
- सोनोग्राफी आणि गर्भपात यांचे कायदे वेगळे आहेत आणि ते बीएएमएसला परवानगी देत नाहीत.

आधुनिक औषधे लिहिण्याबद्दल सर्वांत जास्त विचारले जाते. महाराष्ट्रात नोंदणीकृत आयुर्वेद वैद्यांना राज्याच्या कायद्याने काही मुभा दिलेली आहे. पण ही मुभा राज्यागणिक बदलते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1998 च्या डॉ. मुख्तियार चंद प्रकरणात सांगितले आहे. जेवढे प्रशिक्षण घेतले तेवढेच लिहा. आणि दवाखान्यात आयुर्वेदाचे औषध मागे पडू देऊ नका, साडेपाच वर्षे त्यासाठीच दिलेली असतात.

दवाखान्याचे भांडवल लगेच जमत नसेल, तर शालेय आरोग्य तपासणीच्या पथकांत आणि समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बीएएमएसना काम मिळते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासाठी सहा महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण असते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत कुठलेही राज्य आयुर्वेदाचा परवाना देत नाही. तिथे संघटनांची प्रमाणपत्रे असतात आणि बीएएमएस असूनही स्वतःला 'फिजिशियन' म्हणवता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत आयुर्वेद वैद्यांना आरोग्य प्राधिकरणाचा परवाना मिळतो, त्यासाठी इथली नोंदणी आणि अनुभवाची प्रमाणपत्रे लागतात. कुठेही जायचे असले तरी निघण्याआधी परिषदेकडून गुड स्टँडिंग (नोंदणी चालू असून कारवाई नसल्याचे) प्रमाणपत्र घ्या आणि इथली नोंदणी चालू ठेवा. तिकडून परतल्यावर बंद पडलेली नोंदणी पुन्हा सुरू करून घेताना सगळे मूळ कागद नव्याने दाखवावे लागतात.